गाडीच्या मीटरचे काटे बंद पडले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काटा हलेनासा झाला की पहिला संशय मीटरवर येतो आणि पहिला स्क्रूड्रायव्हरही तिथेच घुसतो. पण "मीटर बदलायचाय" म्हणून माझ्यासमोर आलेल्या गाड्यांपैकी खरोखर मीटर बदलावा लागला अशा थोड्याच. बाकीच्यांत दोष टाकीत, इंजिनवर, चाकाजवळ नाहीतर एखाद्या गंजलेल्या बोल्टखाली निघाला. आधी मीटर बदलून बघणं म्हणजे बहुतेक वेळा चोर सोडून संन्याशाला फाशी. म्हणून मीटर उघडण्याचा विषय इथे जवळजवळ शेवटी आला आहे.

एक साधा मल्टिमीटर, एक टेस्ट लॅम्प आणि गाडीचं मॅन्युअल एवढं हाताशी असलं की यातली बहुतेक तपासणी घरी होते.

सगळे काटे एकदम बंद पडले. सुरुवात कुठून करू?

मोजण्यापासून. काय काय बंद आहे आणि काय काय चालू आहे, हे आधी कागदावर लिहून काढा. गंमत वाटेल, पण निम्मं निदान तिथेच होतं.

सगळंच बंद असेल तर सेन्सरकडे बघूही नका. चार वेगवेगळे सेन्सर एकाच सकाळी ठरवून मरत नाहीत. तेव्हा तीनच शक्यता उरतात: मीटरला वीज पोचत नाही, त्याचं अर्थिंग (विजेची परतीची वाट) सुटलंय, किंवा नव्या गाडीत इंजिनच्या कॉम्प्युटरकडून येणारी माहितीची लाइन तुटली आहे. एकच काटा बंद असेल तर उलट: वीज आणि अर्थिंग ठीक आहे, त्या काट्याचा सेन्सर किंवा वायर बघायची. आणि दोन बंद असतील तर त्या दोघांत सामाईक काय, ते शोधायचं. स्पीडोमीटरबरोबर एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला असेल तर बहुधा चाकाजवळचा सेन्सर. जुन्या गाडीत पेट्रोल आणि टेम्परेचर हे दोन काटे जोडीने वेडेवाकडे वागत असतील, तर त्या दोघांना ठरावीक व्होल्टेज देणारा मीटरमागचा छोटा स्टॅबिलायझर. त्याचं अर्थिंग गेलं की दोन्ही काटे एकदम जास्त दाखवायला लागतात.

मग चावी ऑनवर आणा, पण इंजिन सुरू करू नका. ऑइलचा, बॅटरीचा, चेक इंजिनचा दिवा लागायला हवा. एकही दिवा लागत नसेल तर वीज किंवा अर्थिंग. दिवे लागताहेत आणि काटे मेलेले, तर प्रकरण पुढचं आहे.

फ्यूज काढून बघितला, तार शाबूत आहे. म्हणजे फ्यूज ठीक?

नाही म्हणता येत. फ्यूजची तार कधी कधी पात्याच्या अगदी बुडाशी तुटते, तिथे प्लॅस्टिकमुळे ती दिसत नाही. शिवाय तुम्ही बघितलात तो फ्यूज बरोबर होता का, हाही प्रश्न आहे. बहुतेक मीटरना वीज दोन वाटांनी येते. एक कायमची, घड्याळ आणि मेमरीसाठी, आणि दुसरी चावी फिरवल्यावर येणारी. दोघांचे फ्यूज वेगळे असतात, आणि कधी एक डॅशबोर्डखाली तर दुसरा बॉनेटखालच्या डब्यात असतो. चार्टवर "मीटर" हा शब्द सापडला नाही म्हणून गोंधळू नका. मीटरचा फ्यूज रिव्हर्सच्या दिव्याबरोबर वाटून घेतलेला असणं हा फार नेहमीचा प्रकार आहे. रिव्हर्स टाकल्यावर मागचा पांढरा दिवाही लागत नसेल तर फ्यूज मिळालाच समजा.

फ्यूज न काढताच तपासा. पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. टेस्ट लॅम्पची चिमटी बॉडीला लावा, चावी ऑन करा आणि टोक आळीपाळीने दोन्ही ठिपक्यांना टेकवा. दोन्हीकडे दिवा लागला: फ्यूज ठीक. एकीकडेच लागला: उडालाय. कुठेच नाही: मागून वीजच येत नाही, म्हणजे इग्निशन स्विच, रिले किंवा मोठा फ्यूज.

इथे मी मल्टिमीटरपेक्षा टेस्ट लॅम्प पसंत करतो, त्याला कारण आहे. मल्टिमीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. एका केसाएवढ्या तारेवर तग धरून असलेल्या जोडावरही तो खुशाल १२ व्होल्ट दाखवतो. दिवा मात्र तिथे मिणमिणतो आणि लबाडी उघडी पडते.

नवा फ्यूज टाकला की लगेच उडतो. मोठ्या क्षमतेचा टाकू?

अजिबात नाही. लाल फ्यूज १० अँपिअरचा आणि निळा १५ चा असतो. लालच्या जागी निळा टाकलात की फ्यूजऐवजी वायर तापते, आणि ती डॅशबोर्डच्या आत तापते. मीटरचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा जोड, काढून फ्यूज पुन्हा लावा. आता टिकला तर शॉर्ट मीटरमध्ये. तरीही उडाला तर वायरिंगमध्ये किंवा त्याच फ्यूजवरच्या दुसऱ्या एखाद्या वस्तूत. नुकताच स्टीरिओ, डॅशकॅम किंवा अलार्म बसवून घेतला असेल तर तिथून सुरुवात करा. बाहेरचं सामान जोडताना हाताला लागेल ती वायर सोलून तिच्यात पीळ मारायचा, ही खोड जुनी आहे.

हेडलाइट लावले की पेट्रोलचा काटा वर चढतो. हे काय गौडबंगाल?

हे अर्थिंग. आणि माझ्या मते हा सगळ्यात दुर्लक्षित दोष आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बॅटरीतून निघालेली वीज कामं आटोपून बॉडीच्या लोखंडातून परत बॅटरीकडे जाते. त्या परतीच्या वाटेला आपण अर्थिंग म्हणतो. मीटरचं अर्थिंग एखाद्या बोल्टवर दिव्यांच्या अर्थिंगबरोबर बांधलेलं असतं. तो बोल्ट गंजला, की दिव्यांचा मोठा करंट तिथे अडतो, मीटरच्या पायाखालची पातळी वर उचलली जाते आणि काट्यांचा हिशोब चुकतो. इंडिकेटर दिल्यावर काटा तालात थरथरणं, ब्रेक दाबल्यावर टेम्परेचर वाढल्यासारखं दिसणं, ही सगळी त्याचीच लक्षणं.

एका गाडीवर मी आणि माझ्या सहकाऱ्याने अख्खी दुपार घालवली होती. टाकीतलं पेट्रोलची पातळी मोजणारं युनिट बदललेलं, मीटरही बदललेला, तरी दिवे लावले की अर्धी टाकी पाऊण व्हायची. शेवटी डाव्या दाराजवळची, पायाकडची प्लॅस्टिकची पट्टी काढली. आत तीन काळ्या वायरींची कडी एका बोल्टवर होती. बोल्ट घट्ट होता, दिसायला झकास होता. पण गाडीचं कधीतरी डेंटिंग-पेंटिंग झालेलं, आणि कडी नव्या रंगावर तशीच आवळलेली. धातूला धातू लागत होता तो फक्त बोल्टच्या आट्यांमधून, आणि त्याही आता लालसर झालेल्या. पॉलिश पेपरने नाण्याएवढी जागा चकचकीत होईपर्यंत घासली, कडी घासली, बोल्ट आवळला, वर थोडं ग्रीस. काटा जागच्या जागी. काढलेला जुना मीटर मालकाने डिकीत ठेवला होता, तोही चांगलाच निघाला.

तपासायची पद्धत अशी. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मीटरच्या कपलरमधल्या अर्थिंगच्या पिनला, कपलर लावलेला असतानाच मागच्या बाजूने टेकवून. चावी ऑन करा, हेडलाइट, वायपर, पंखा सगळं चालू करा. रीडिंग ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत हवं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थिंग खराब. बीप वाजवून कंटिन्यूटी बघू नका. अकरा तारा तुटून एक उरलेली वायरसुद्धा बीप देते.

एकच काटा बंद आहे. सेन्सर, वायर की मीटर, हे कसं ओळखायचं?

मधोमध तोडून. सेन्सरचा कपलर काढा आणि सेन्सरच्या जागी तुम्ही स्वतः काहीतरी दाखवा. काटा तुमचं ऐकून हलला तर मीटर आणि वायर दोन्ही निर्दोष, सेन्सर दोषी. नाही हलला तर वायरच्या दुसऱ्या टोकाला, मीटरजवळ जाऊन तेच करा.

"काहीतरी" म्हणजे काय? जुने लोक ती वायर सरळ बॉडीला टेकवायचे आणि काटा टोकाला जातो का बघायचे. जुन्या, एका वायरीच्या सेन्सरवर हे क्षणभर चालतं. पण काही मीटर असा थेट अर्थ जास्त वेळ सहन करत नाहीत, आणि नव्या गाडीत कुठल्या वायरमधून काय येतंय हे न बघता टेकवाटेकवी केली तर कॉम्प्युटर खर्ची पडू शकतो. म्हणून १०० ओहमच्या आसपासचा एक रेझिस्टर मधे ठेवा. तेवढ्यानेही काटा ठळक हलतो.

हे करण्याआधी एक फुकटची चाचणी: बऱ्याच गाड्यांत ट्रिपचं बटण दाबून धरून चावी ऑन केली की मीटर स्वतःची परीक्षा घेतो, सगळे काटे शून्यापासून टोकापर्यंत जाऊन परत येतात. तुमच्या गाडीत ही सोय आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा. त्यात काटा झोकात फिरून आला तर मीटर उघडण्याचा विचार सोडून द्या.

पेट्रोलचा काटा रिकाम्यावर अडकलाय, टाकी तर भरलेली आहे.

टाकीत एक फ्लोट असतो. तो इंधनावर तरंगतो, त्याची दांडी वरखाली होते आणि दांडीच्या टोकाची बारीक पट्टी रेझिस्टरच्या पट्ट्यांवर घासत जाते. रोज, वर्षानुवर्षं, पेट्रोलमध्ये बुडून. त्यामुळे हा भाग झिजतो यात नवल नाही. पट्ट्यांवर इंधनातल्या गंधकाचा काळा थर बसतो, पट्टी झिजते, किंवा फ्लोटला भोक पडून तो बुडतो. फ्लोट बुडाला तर काटा कायम रिकाम्यावर. पट्टी एका जागी झिजली तर काटा ठरावीक पातळीवर आला की कोसळतो आणि थोडं पेट्रोल संपलं की पुन्हा उभा राहतो. हे लक्षण इतकं नेमकं आहे की तेवढ्यावरून मी युनिट सांगून मोकळा होतो.

वायर तुटली तर काटा रिकामा दाखवेल की फुल? गाडीवर अवलंबून. काही कंपन्यांच्या युनिटचा रेझिस्टन्स भरलेल्या टाकीला जास्त असतो, काहींचा रिकाम्या टाकीला. शून्य ते ९० ओहम हे एक जुनं, प्रचलित माप, आणि २४० ते ३३ हे दुसरं, अगदी उलट्या दिशेचं. म्हणूनच दुसऱ्या गाडीचं "तसंच दिसणारं" युनिट बसवलं की टाकी भरल्यावर काटा खाली जातो आणि मालक चक्रावतो.

तपासायला बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली झाकण असतं. तिथल्या कपलरमध्ये पंपाच्या वायरी जाड आणि युनिटच्या बारीक असतात, दोन्हींची गल्लत करू नका. कपलर काढून युनिटच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा. टाकी उघडायची गरज नाही. उघडायचीच झाली तर टाकी शक्यतो रिकामी, जागा मोकळी, बॅटरी काढलेली, आणि जवळपास ठिणगी म्हणून काहीही नको.

काही मागच्या चाकांवर किंवा चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत टाकी खोगिरासारखी दोन बाजूंना लोंबते आणि दोन युनिटं असतात. फुल भरूनही काटा अर्ध्यावरच थांबत असेल तर त्यातलं एक गेलंय का ते बघा.

टेम्परेचरचा काटा थंडवरच बसून आहे. गाडी तर नीट चालतेय. चालवत राहू?

आधी कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, बघा. इंजिन थंड असताना. मग पुढचं.

एवढ्या घाईचं कारण सांगतो. टेम्परेचरचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं बोलतो. कूलंट गळून पातळी सेन्सरच्या खाली गेली, की तो हवेत आणि वाफेत लोंबकळतो आणि कमी तापमान दाखवतो. म्हणजे इंजिन करपत असताना काटा खाली येतो. आधी चढून मग अचानक खाली पडलेला काटा ही सुटका नव्हे. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

कूलंट भरलेलं असेल तर दोन कारणं राहतात. एक, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप, उघडा अडकलाय आणि इंजिन खरंच थंड चालतंय. हीटर कोमट वारा देतो, ॲव्हरेज पडतं, स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) पी ०१२८ हा कोड दिसू शकतो. अशा वेळी काटा अगदी प्रामाणिक आहे! दुसरं, सेन्सर किंवा वायर. हा सेन्सर तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. २० अंशांना साधारण दोन-अडीच हजार ओहम, ८०-९० अंशांना दोन-तीनशे, असं बऱ्याच गाड्यांत मिळतं. वायर तुटली म्हणजे अनंत रेझिस्टन्स, म्हणजे मीटरच्या लेखी बर्फ. स्कॅनरवर उणे ४० अंश दिसले की समजा वायर तुटलीय किंवा कपलर सुटलाय. त्याचा कोड पी ०११८. उलट वायर बॉडीला घासून शॉर्ट झाली की काटा थेट लालवर आणि कोड पी ०११७.

एका वायरीचा जुना सेन्सर बदलताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचा जाड वेढा देऊ नका. त्याचं अर्थिंग त्या आट्यांतूनच होतं. टेप गुंडाळून आपणच ते तोडतो आणि मग नवा सेन्सर खराब निघाला म्हणून बोंब मारतो.

आणखी एक खाचखळगा: काही गाड्यांत काट्यासाठी एक आणि इंजिनच्या कॉम्प्युटरसाठी दुसरा, असे दोन सेन्सर असतात. स्कॅनर बरोबर तापमान दाखवतो आणि काटा मेलेला, असं असेल तर दुसरा सेन्सर शोधा.

माझा टेम्परेचरचा काटा मध्यावर आला की तिथून हलतच नाही, घाटातसुद्धा. अडकला का?

बहुधा नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत तो मुद्दामच तसा बसवलेला असतो. साधारण ७५ ते १०५ अंशांच्या दरम्यान काहीही असलं तरी काटा मध्यावर, म्हणजे चालक उगाच घाबरत नाही. मला ही सोय आवडत नाही. काटा मध्यावरून सरकेपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो. खरं तापमान बघायचं तर ओबीडीचा, म्हणजे गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला लागणारा, छोटा स्कॅनर लावून बघा.

ऑइल प्रेशरचा काटा शून्यावर आलाय. सेन्सरच असेल ना?

असेलही. पण ते इंजिन बंद करून ठरवायचं, चालू ठेवून नाही. इंजिन थांबवा, डिपस्टिक बघा. तेल पुरेसं असेल आणि इंजिनमधून खडखड येत नसेल, तर मेकॅनिककडून सेन्सरच्या जागी प्रेशर मोजायचा साधा यांत्रिक गेज लावून घ्या. तोही शून्य दाखवत असेल तर काट्याने तुमचं इंजिन वाचवलंय. पुष्कळ गाड्यांत काट्याचा सेन्सर आणि लाल दिव्याचा स्विच वेगवेगळे असतात. काटा शून्यावर पण दिवा विझलेला, ही जरा धीर देणारी खूण. दोन्ही एकदम, तर टो करून न्या.

स्पीडोमीटर बंद, बाकी सगळं चालू.

गाडी जुनी असेल तर गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत फिरणारी केबल असते. १९०२ साली ओटो शुल्झे यांनी पेटंट घेतलेली ही युक्ती: केबलच्या टोकाला चुंबक फिरतो, त्याच्याभोवतीचा ॲल्युमिनियमचा पेला ओढला जातो आणि केसासारखी स्प्रिंग त्याला अडवते. दोघांच्या ओढाताणीत काटा ठरतो. केबल कोरडी पडली की काटा आधी नाचतो, किरकिर आवाज येतो आणि एक दिवस तुटते. मीटरकडचं टोक सोडवून, गाडी जॅकवर नीट टेकवून चाक हाताने फिरवा. आतली तार फिरत नसेल तर केबल किंवा गिअरबॉक्सकडचा प्लॅस्टिकचा दात.

नंतरच्या गाड्यांत गिअरबॉक्सवर स्पीड सेन्सर आला. त्याचा कोड पी ०५००. आणि अलीकडे तोही नाही, एबीएसच्या चाकाजवळच्या सेन्सरांकडूनच वेग घेतात. त्यामुळे एका चाकाच्या सेन्सरची वायर उंदराने कुरतडली की स्पीडोमीटर, एबीएसचा दिवा, क्रूझ कंट्रोल आणि कधी ऑटोमॅटिक गिअरचं बदलणं, अशी वरात निघते. चाकाच्या बेअरिंगचं काम झाल्यावर हा त्रास सुरू झाला असेल तर बेअरिंग उलटं बसलं का विचारा. काही बेअरिंगच्या एका बाजूलाच चुंबकी पट्टा असतो. ती बाजू सेन्सरकडे नसेल तर सेन्सरला चाक थांबलेलंच दिसतं.

स्पीडोमीटर जीपीएसपेक्षा जास्त दाखवतो म्हणून विचारणारेही भेटतात. तो दोष नव्हे. संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम जिथे लागू आहे तिथे मीटरने खऱ्यापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त मात्र दहावा हिस्सा अधिक ताशी ४ किलोमीटर इतकं चालतं. खरे १०० असताना ११४ दिसले तरी नियमात बसतं.

आरपीएमचा काटा मेलाय, इंजिन मस्त चालू आहे.

नव्या गाडीत इंजिन चालू आहे म्हणजे इंजिनचे फेरे मोजणारा क्रँक सेन्सर बहुधा चांगला आहे, मग दोष मीटरमध्ये किंवा मधल्या लाइनमध्ये. जुन्या पेट्रोल गाडीत इग्निशन कॉइलच्या निगेटिव्हवरून एक बारीक वायर मीटरला येते. ती बघा.

डॅशबोर्डवर थाप मारली की काटे जिवंत होतात. किती दिवस चालेल?

थाप लागेल तोवर! पण ही थाप फार काही सांगते. मीटरमागचा कपलर सैल आहे किंवा मीटरच्या आतल्या बोर्डावरचा झाळ (सोल्डर) तडकलाय. तडकलेला झाळ भिंगातून ओळखता येतो: पिनभोवती केसाएवढी काळी गोल रेघ, जणू पिन आपल्या खड्ड्यात सुटी उभी आहे. गाडी उन्हात तापली की काटे बंद आणि संध्याकाळी चालू, किंवा याच्या उलट, हेही झाळ तडकल्याचंच लक्षण. चांगला इलेक्ट्रॉनिक्स कारागीर जुना झाळ काढून नवा भरतो आणि मीटर पुढे वर्षानुवर्षं चालतो.

पावसानंतरच बंद पडत असतील तर समोरच्या काचेच्या रबरातून पाणी झिरपतंय का बघा. सनरूफच्या पाणी जायच्या नळ्या तुंबल्या तरी ते पाणी डॅशबोर्डमागे उतरतं. कपलरच्या पिनांवर हिरवा थर दिसला की कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पण आधी पाणी थांबवा.

चावी काढली तरी काटा ४० वरच उभा राहतो.

नव्या मीटरमध्ये प्रत्येक काट्यामागे एक इवली स्टेपर मोटर असते. ती अडकली किंवा तिचा शून्य हरवला की असं होतं. वरची स्वपरीक्षा एकदा करून बघा, कधी कधी तेवढ्याने शून्य सापडतो. नाहीतर मोटर बदलता येते, अख्खा मीटर नाही. काटा उपटताना चमच्याने नको, काटा मोडतो किंवा त्याची दांडी वाकते.

बॅटरी काढून दहा मिनिटांनी लावली की सगळं ठीक होतं म्हणतात.

कधी कधी होतं. पण त्याबरोबर साठलेले कोड पुसले जातात, म्हणजे पुरावा गेला. आधी कोड वाचून घ्या, मग काय ते करा. बॅटरीकडे मात्र लक्ष असू द्या. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना १३.८ ते १४.५. स्टार्टर मारताना सगळे काटे एकदम लोळण घेत असतील तर बॅटरी थकलीय. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांतही मीटर सहसा १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरच चालतो, आणि ती मेली की मोठी बॅटरी फुल असूनही डॅशबोर्ड काळाठिक्कर. त्या गाड्यांत नारिंगी वायरींना मात्र हात लावायचा नाही.

स्कॅनर लावला तर काय कळेल?

नव्या गाडीत हीच पहिली पायरी करा. कोडपेक्षा लाइव्ह डेटा महत्त्वाचा. स्कॅनर म्हणतो तापमान ९० अंश, वेग ३५, आणि काटे मेलेले: याचा अर्थ सेन्सर काम करताहेत, कॉम्प्युटरला कळतंय, मीटरपर्यंत पोचत नाही. स्कॅनरवरच चुकीचं दिसतंय: दोष सेन्सरच्या बाजूला. एवढ्या एका तुलनेने अर्धं रान मोकळं होतं. यू ०१५५ कोड असेल तर दुसरा एखादा कॉम्प्युटर तक्रार करतोय की मीटर बोलत नाही.

हे बोलणं कॅन नावाच्या दोन पिळलेल्या वायरींवर चालतं. बॉशने १९८६ मध्ये ही पद्धत मांडली. ज्या गाड्यांत ही लाइन थेट ओबीडीच्या सॉकेटवर येते, तिथे बॅटरी काढून ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, ते समांतर, म्हणून ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर लाइन कुठेतरी तुटलीय किंवा एका टोकाचा रेझिस्टर हरवलाय. शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या. मधे दुसरा कॉम्प्युटर बसवलेल्या गाड्यांत मात्र हे माप मीटरच्या लाइनबद्दल काहीच सांगत नाही.

मीटर काढायचाच झाला तर? आणि दुसऱ्या गाडीचा आणून बसवला तर?

बॅटरी काढा, काही मिनिटं थांबा. स्टीअरिंगजवळ एअरबॅगच्या वायरी असतात, सहसा पिवळ्या, त्यांना मल्टिमीटर लावून ओहम मोजणं हा जीवघेणा प्रयोग ठरू शकतो. स्टीअरिंग खाली उतरवा, वर कापड टाका, स्क्रू काढल्यावर मीटर ओढू नका, मागचा कपलर आधी सोडवा.

दुसऱ्या गाडीचा मीटर बसवणं जुन्या गाडीत जमतं. नव्या गाडीत मीटरमध्ये इमोबिलायझरची (चोरी रोखण्यासाठी चावी ओळखणाऱ्या यंत्रणेची) ओळख असू शकते, मग काटे चालतात आणि गाडी सुरूच होत नाही. शिवाय त्या मीटरमधले किलोमीटर त्या गाडीचे. आकडा खोटा करून गाडी विकणं बऱ्याच देशांत गुन्हा आहे. बदललात तर जुन्या मीटरवरचा आकडा आणि तारीख लिहून, फोटो काढून कागदपत्रांत ठेवा. शक्य असेल तर आपलाच मीटर दुरुस्त करून घ्या.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू का?

पेट्रोलचा काटा बंद: हो, टाकी फुल करून ट्रिप शून्य करा आणि नेहमीच्या अंतराच्या बरेच आधी भरा. आरपीएम बंद: खुशाल. स्पीडोमीटर बंद: फक्त गॅरेजपर्यंत, जीपीएस लावून, आणि एबीएसचाही दिवा असेल तर ब्रेकला जास्त अंतर ठेवून. टेम्परेचर बंद: स्कॅनरवर तापमान दिसत असेल तरच. ऑइल: नाही.

मेकॅनिककडे नेताना काय सांगू?

"मीटर बदलायचाय" सोडून काहीही. कुठले काटे, कधीपासून, त्याआधी गाडीला कोणाचा हात लागला होता, थंड असताना की तापल्यावर, पावसानंतर की खड्ड्यानंतर. आणि काटा बंद असताना मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. गॅरेजच्या दारात शिरलं की तो हमखास चालू होतो.